शाळेत गुणी, घरी आकांत: धाक की समजूत, या भांडणात अडकलेल्या आईबाबांना

प्रश्न थोडक्यात असा. सात वर्षांचा मुलगा. शाळेत बाई त्याचं कौतुक करतात, पण घरी आला की तासाभरात काहीतरी निमित्त होतं आणि आदळआपट सुरू. टॅब बंद करायला सांगितला की किंचाळतो, वस्तू फेकतो, धाकट्या बहिणीला मारतो. मैदानावर मुलं त्याला खेळायला घेत नाहीत. गेल्या काही आठवड्यांपासून सकाळी पोट दुखतं म्हणतो, शाळा नको म्हणतो. बाबांचं म्हणणं, दोन फटके दिले की सरळ होईल. आई समजावत बसते, "आणि कधीकधी इतकी थकते की देऊन टाकते टॅब." यावरून दोघांत रोज वाद. कोणाचं बरोबर?

तुमच्या प्रश्नातलं मला सर्वांत मोलाचं वाटलेलं वाक्य आहे ते थकून टॅब देऊन टाकल्याचं. तुम्ही ते ओशाळून लिहिलंय, पण या सगळ्या गुंत्याचं टोक तिथेच सापडतं.

टॅब दिल्यावर त्या क्षणी काय होतं ते पाहा. मुलाला टॅब मिळतो, म्हणून तो गप्प होतो. आईला शांतता मिळते, म्हणून तिलाही हायसं वाटतं. दोघंही एकेक गोष्ट शिकतात. ओरडलं की मिळतं, हे तो शिकतो. दिलं की घर शांत होतं, हे आई शिकते. आता बाबांचा फटका घ्या. फटका बसला की आवाज थांबतो. बाबांना वाटतं, बघा, उपाय लागू पडला. म्हणून पुढच्या वेळी हात आणखी लवकर उठतो. म्हणजे तुमचे मार्ग दोन असले तरी तुम्ही दोघं एकाच जागी अडकला आहात. दोघंही तत्काळ शांतता विकत घेताय आणि तिची किंमत पुढच्या संध्याकाळी चुकवताय.

जेराल्ड पॅटरसन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी घराघरांत जाऊन आईबाप आणि मुलं यांच्यातले असे प्रसंग क्षणाक्षणाने नोंदवले आणि १९८२ मध्ये त्याची सविस्तर मांडणी केली. त्यांना दिसलं ते असं: पालक काहीतरी सांगतात, मूल विरोध करतं, पालक आवाज चढवतात, मूल त्याहून वर चढवतं आणि शेवटी कोणीतरी एक माघार घेतो. जो माघार घेतो त्याची त्या क्षणापुरती सुटका होते, जो रेटतो त्याला रेटण्याचं फळ मिळतं. हे चक्र रोज फिरलं की दोन्ही बाजूंची सुरुवातच वरच्या पट्टीतून होऊ लागते. मूल वाईट नसतं, आईबाप नालायक नसतात. सगळेजण एकमेकांना नकळत शिकवत असतात.

त्यातही कधी द्यायचं आणि कधी नाही, हे सर्वांत घातक. दर वेळी मिळणारी गोष्ट मिळेनाशी झाली की मूल लवकर नाद सोडतं. पण पाच वेळा नाही आणि सहाव्या वेळी हो, असं असेल तर ते पंचवीस वेळा प्रयत्न करतं, कारण पुढचीच वेळ लागू पडेल अशी आशा जिवंत राहते. म्हणून मी पालकांना एक विचित्र वाटेल असा सल्ला देते: द्यायचंच असेल तर पहिल्या मागणीलाच द्या, हसून द्या. विसाव्या मागणीला दिलंत, तर वीस वेळा मागायला शिकवलंत.

फटक्यांबद्दल बाबांशी थेट बोलते. एलिझाबेथ गेर्शॉफ आणि अँड्र्यू ग्रोगन-केलर यांनी २०१६ मध्ये ७५ अभ्यास एकत्र करून पाहिले. त्यांत सुमारे १ लाख ६० हजार मुलांची माहिती होती. त्यांनी मुद्दाम फक्त चापट मारण्याचा विचार केला, जबर मारहाण बाजूला ठेवली. तरीही मार खाणाऱ्या मुलांत आक्रमकपणा, पालकांशी ताणलेले संबंध आणि मानसिक त्रास जास्त आढळला. वागणं दीर्घकाळ सुधारतं, असं त्यात दिसलं नाही. हा संबंध आहे, थेट कारण म्हणून सिद्ध झालेला परिणाम नव्हे, आणि त्याचा आकारही फार मोठा नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. पण तुमच्या घरापुरता साधा तर्क पुरेसा आहे. बहिणीला मारू नकोस हे मारून शिकवलं, तर तो जे पाहतो तेच शिकणार: चिडलेल्या मोठ्याने लहानाला मारायचं असतं.

आता शाळेत शहाणा आणि घरी असा का, याकडे येते. पालकांना हा आपला पराभव वाटतो, "आमचंच ऐकत नाही." माझ्याकडे येणाऱ्या अशा बहुतेक मुलांच्या बाबतीत मला वेगळंच दिसतं. सात वर्षांच्या मुलाला सहा-सात तास रांगेत उभं राहणं, पाळी येईपर्यंत थांबणं, चिडवलं तरी गिळणं, हे सगळं जमवायचं म्हणजे प्रचंड मेहनत असते. आवर घालण्याचं काम करणारा मेंदूचा पुढचा भाग विशीच्या मध्यापर्यंत घडत असतो, या वयात तो फारच कच्चा असतो. दिवसभर धरून ठेवलेलं घरी सुटतं, कारण घरी सुटलं तरी आईबाबा आपल्याला टाकणार नाहीत, ही त्याला खात्री असते. त्यामुळे वागणं क्षम्य ठरत नाही, पण पहिला उपाय कळतो. शाळेतून आल्यावर अर्धा-पाऊण तास त्याला काहीही विचारू नका. डबा संपवलास का, गृहपाठ काय दिलाय, मित्रांशी बोललास का, यातलं एकही नको. काहीतरी खायला द्या, लोळू द्या, उड्या मारू द्या. आणि झोप मोजा. ६ ते १२ वर्षांच्या मुलांना २४ तासांत ९ ते १२ तास झोप लागते. आठ तासांत भागवणाऱ्या मुलाची संध्याकाळची चिडचिड कोणत्याही शिस्तीने जात नाही.

उपाय सुरू करण्याआधी एक आठवडा फक्त नोंदी ठेवा. वहीत तीनच गोष्टी लिहायच्या: आधी काय घडलं, त्याने काय केलं, नंतर त्याला काय मिळालं. "खूप त्रास दिला" अशी नोंद कामाची नाही. अशी हवी: "मंगळवार, संध्याकाळी ६:४०. खेळातली फेरी अर्धी असताना मी स्वयंपाकघरातून तीनदा हाक मारली, टॅब बंद कर. चौथ्यांदा जाऊन हातातून ओढला. तो किंचाळला, बहीण हसली, त्याने तिला ढकललं. बाबा आले, ओरडले. बहीण रडली. दहा मिनिटांनी मी जवळ घेतलं आणि उद्या जास्त वेळ देईन म्हणाले." या एका नोंदीत किती दिसतंय बघा. हाका लांबून आल्या, त्यातल्या पहिल्या तीन पोकळ होत्या, हे त्याला ठाऊक होतं. खेळ मध्येच तुटला. बहिणीच्या हसण्याची आग वेगळीच. आणि शेवटी जास्त वेळाचं आश्वासन मिळालं. आठवडाभराच्या नोंदी समोर ठेवल्या की दोघांना एकमेकांच्या चुका काढायची गरजच उरत नाही, कारण प्रसंग स्वतःच बोलतो.

हाच प्रसंग बदलायचा कसा? वेळ संपायच्या पाच मिनिटं आधी त्याच्याजवळ जाऊन बसा. पडद्याकडे पाहा, काय चाललंय ते विचारा. "ही फेरी झाली की बंद," असं त्याच्या खेळाच्या नैसर्गिक टप्प्याला बांधून सांगा. फेरी संपली की एकदाच, शांत आवाजात: "बंद कर आता." मनात दहापर्यंत मोजा. त्याने केलं, तर लगेच आणि नेमकं बोला: "सांगितल्यावर लगेच ठेवलास, मला आवडलं." नाही केलं, तर पुन्हा न सांगता टॅब हातात घ्या आणि कपाटात ठेवा. भाषण नाही, आठवण नाही, "किती वेळा सांगायचं" नाही.

मग तो भडकेल. पहिले काही दिवस नेहमीपेक्षा जास्त भडकेल, हे मी आत्ताच सांगून ठेवते. जुनं हत्यार चालेनासं झालं की मूल ते टाकण्याआधी आणखी जोरात वापरून पाहतं. बहुतेक घरं नेमकी याच टप्प्यावर हार मानतात आणि मग नवी, वरची पट्टी कायम होते. म्हणून घरात पाहुणे असतील, कोणी आजारी असेल, तुम्ही स्वतः मेटाकुटीला आला असाल, तर त्या आठवड्यात सुरूच करू नका.

भडकल्यावर समजावू नका, हे आईसाठी. मायकेल पोटेगल आणि त्यांच्या सहकाऱ्याने दीड ते पाच वर्षांच्या मुलांच्या थयथयाटाचा बारकाईने अभ्यास करून २००३ मध्ये तो मांडला. त्यांना दिसलं, की राग सुरुवातीलाच झपाट्याने शिगेला जातो आणि ओसरतो, दुःख मात्र साऱ्या प्रसंगभर खाली वाहत असतं. तीन चतुर्थांश प्रसंग पाच मिनिटांत संपले. तुमचा मुलगा त्याहून मोठा आहे, तरी हे चित्र उपयोगी पडतं. राग शिगेला असताना प्रश्न विचारणं, कारणं देणं म्हणजे विझू पाहणाऱ्या आगीत काटक्या टाकणं. त्या वेळी जवळपास राहा, इजा होणार नाही एवढं पाहा, बोलू नका. किंचाळणं थांबून हुंदके सुरू झाले, की तो सांत्वनाच्या बाजूला आलाय असं समजा. तेव्हा जवळ घ्या. टॅब मात्र कपाटातच राहील.

भावनेला नाव देणं या हुंदक्यांच्या वेळी उपयोगी पडतं. मॅथ्यू लिबरमन यांनी २००७ मध्ये प्रौढांवर केलेल्या प्रयोगात असं दिसलं होतं, की समोरच्या चेहऱ्यावरच्या भावनेला शब्द दिला की मेंदूतल्या अमिग्डला या, भीतीसारख्या भावनांशी जोडलेल्या भागाची खळबळ कमी होते. मुलांशी हे करताना ठाम निदान करू नका, अंदाज मांडा: "फेरी अर्धी राहिली म्हणून चिडलास? की ती हसली म्हणून?" बहुतेकदा मूल तुमचा अंदाज दुरुस्त करतं, आणि ती दुरुस्ती करताना त्याला स्वतःचं मन कळतं. पण भावना समजून घेणं म्हणजे मागणी मान्य करणं, ही गल्लत करू नका. राग मान्य, मारणं अमान्य, ही दोन वाक्यं एकाच दमात बोलता येतात.

बहिणीला मारण्याच्या बाबतीत मी जराही सूट देत नाही. हात उठताना दिसला तर तो धरा: "मारू देणार नाही." मारलंच, तर आधी बहिणीकडे जा, तिला जवळ घ्या, त्याच्याकडे त्या वेळी लक्ष देऊ नका. आपल्याकडे उलट होतं: मारणाऱ्यावर पाच मिनिटांचं व्याख्यान आणि मार खाणारी बाजूला उभी. जबरदस्तीने वदवून घेतलेल्या सॉरीला अर्थ नाही. शांत झाल्यावर विचारा, "तिला बरं वाटावं म्हणून काय करशील?" मोडलेलं खेळणं जोडणं, तिला गोष्ट वाचून दाखवणं, असं काहीतरी कृतीतलं ठरू दे. त्या चार वर्षांच्या मुलीचंही हे घर आहे. तिला या घरात सुरक्षित वाटलं पाहिजे, आणि ती जबाबदारी पूर्णपणे मोठ्यांची.

इथवरचं सगळं रोखण्याबद्दल झालं. नुसतं रोखून काही बदलत नाही. शीला आयबर्ग यांनी १९७० च्या दशकात पालक-मूल संवादावर एक उपचारपद्धती विकसित केली. तिची सुरुवातच शिस्तीआधी खेळाने होते. रोज पाच मिनिटं, मूल ठरवेल तो खेळ, आणि त्या पाच मिनिटांत पालकाने सूचना द्यायच्या नाहीत, प्रश्न विचारायचे नाहीत, टीका करायची नाही. ऐकायला सोपं वाटतं, पण करून पाहा. तो ठोकळ्यांचा मनोरा रचतोय आणि पायाला लहान ठोकळा ठेवतोय. तुमच्या ओठावर येतं, "मोठा खाली ठेव, पडेल." ते गिळायचं. फक्त जे दिसतंय ते बोलायचं: "लाल ठेवलास. आता निळा." मनोरा पडला, तर "पडला" एवढंच. तो स्वतःच पुन्हा रचायला घेतो, मोठा ठोकळा खाली ठेवतो आणि तुमच्याकडे बघतो. त्या नजरेसाठी ही पाच मिनिटं आहेत. बाबांनी ही जरूर घ्यावीत, कारण सध्या त्याच्या वाट्याला बाबांचं लक्ष येतं ते फक्त बिनसल्यावर. आणि ही पाच मिनिटं शिक्षा म्हणून कधीही रद्द करायची नाहीत. वाईट दिवशी तर नाहीच नाही.

मैदानावर मुलं खेळायला घेत नाहीत, याबद्दल तुम्ही ओझरतं लिहिलंय, पण मला ते तितकंच महत्त्वाचं वाटतं. आधी खात्री करा, की हा प्रकार छळाचा नाही ना. स्वीडनमध्ये जन्मलेले आणि नॉर्वेत काम केलेले डॅन ओल्वेयस यांनी छळाची तीन लक्षणं सांगितली होती: मुद्दाम केलेलं, वारंवार होणारं, आणि बळाचा तोल एका बाजूला असलेलं. ही तिन्ही असतील, तर "तूही उलट बोल" असं मुलाला सांगून भागत नाही. शाळेतल्या मोठ्यांनी मध्ये पडलंच पाहिजे, आणि तसं तुम्ही लेखी कळवा.

छळ नसेल, तर एकदा लांबून पाहा तो खेळात शिरतो कसा. बरीच मुलं धावत जातात, "मी पण" ओरडतात, लगेच नियम बदलू पाहतात किंवा स्वतःबद्दल सांगू लागतात, आणि बाकीची पाठ फिरवतात. ज्या मुलांना सहज सामावून घेतलं जातं ती आधी काठावर उभी राहून खेळ समजून घेतात, मग जे चाललंय त्यातलंच काहीतरी करू लागतात: लांब गेलेला चेंडू आणून देतात, चांगल्या फटक्याला दाद देतात, आणि मग डाव बदलताना विचारतात. हे शिकवता येतं. घरी बाबा आणि बहीण खेळत असताना त्याला "बाहेरून आत येण्याचा" सराव द्या, दोन-चार वेळा, हसतखेळत.

दुसरी बाब मनातली. केनेथ डॉज यांनी १९८० मध्ये दाखवलं, की आक्रमक मुलं संदिग्ध प्रसंगातही समोरच्याचा हेतू वाईट होता असं पटकन धरून चालतात. चेंडू पाठीला लागला, की "मुद्दाम मारला." अशा मुलाला "नाही रे, मुद्दाम नसेल" असं सांगून पटत नाही. त्यापेक्षा विचारा, "अजून काय झालं असू शकेल?" आणि त्याला स्वतःला दोन शक्यता शोधू द्या. आणि दहा मुलांच्या घोळक्याआधी एक मित्र. एकाच मुलाला घरी बोलवा, तास-दीड तासासाठी, काय खेळायचं ते आधी ठरवून, आणि मजा टिपेला असतानाच संपवा.

शेवटी सकाळचं पोट. ते खरंच दुखतं. भीतीने आतडं आवळतं, त्यात ढोंग नसतं. आधी डॉक्टरांना दाखवून शारीरिक कारण नाही ना, ते पाहा. त्यानंतर मात्र घरी ठेवणं हीसुद्धा तीच तत्काळ शांतता आहे. घरी राहिला की दहा वाजता पोट बरं होतं, सगळ्यांना हायसं वाटतं आणि उद्याची शाळा आणखी अवघड होते. येल विद्यापीठातले एली लेबोविट्झ यांनी चिंताग्रस्त मुलांच्या पालकांसाठी एक कार्यक्रम तयार केला. त्यात मुलावर उपचार होतच नाहीत, फक्त पालकांना शिकवलं जातं: भीती मान्य करायची आणि भीतीला सवलत देणं हळूहळू कमी करायचं. १२४ मुलांच्या चाचणीत हा मार्ग मुलांना थेट दिल्या जाणाऱ्या मान्यताप्राप्त समुपदेशनाइतकाच प्रभावी ठरला. मला यात सर्वांत भावतं ते त्यांचं दुहेरी वाक्य. तुमच्या शब्दांत ते असं होईल: "भीती वाटतेय हे कळतंय मला. आणि तू हे निभावून नेशील, हेही मला माहीत आहे." नुसता पहिला भाग बोललात तर भीती मोठी होते, नुसता दुसरा बोललात तर मूल एकटं पडतं. बाईंशी बोलून शाळेच्या दारात त्याला घ्यायला कोणीतरी ओळखीचं उभं राहील, एवढी व्यवस्था करा. आणि शाळा नको असण्यामागे मैदान आहे, वाचन आहे की एखादी विशिष्ट तासिका, हे शोधा. शाळेत गप्प बसणाऱ्या गुणी मुलाची वाचनातली अडचण, कमी दिसणं, कमी ऐकू येणं वर्षानुवर्षं लक्षात येत नाही. डोळे आणि कान तपासून घ्या.

"त्याला एडीएचडी तर नाही?" असा प्रश्न पुढे येईलच, म्हणून सांगते. एडीएचडी म्हणजे लक्ष न टिकण्याचा आणि अतिचंचलतेचा विकार. त्याच्या निदानासाठी लक्षणं बाराव्या वर्षाआधी सुरू झालेली, किमान सहा महिने टिकलेली आणि घर-शाळा अशा किमान दोन ठिकाणी दिसणारी असावी लागतात. शाळेत सारं सुरळीत असेल, तर मी आधी थकवा, चिंता आणि घरातलं चक्र यांकडे पाहीन. तरीही दोन-तीन महिने नेटाने करून फरक नसेल, बहिणीला खरोखर इजा होऊ लागली असेल, येत असलेलं बोलणं-वागणं मागे जात असेल, झोप-जेवण सुटलं असेल, तर बालमानसोपचारतज्ज्ञांना भेटा. "मला मरायचंय" असं तो एकदा जरी बोलला, तरी त्याच दिवशी भेटा. रागात बोलला असेल, म्हणून सोडून देऊ नका.

काही मुलं जन्मतःच तीव्र असतात. अलेक्झांडर थॉमस आणि स्टेला चेस यांनी १९५६ पासून न्यूयॉर्कमधल्या मुलांचा तान्हेपणापासून वर्षानुवर्षं मागोवा घेतला. त्यातल्या साधारण दहा टक्के मुलांचा पिंड त्यांना अवघड वाटला: प्रतिक्रिया तीव्र, बदल नकोसा, दिनक्रम बेभरवशाचा. पुढे कोणाचं कसं होईल हे त्या पिंडावर एकट्यावर ठरलं नाही, भोवतालच्या माणसांशी त्याचा मेळ कसा बसला यावरही ठरलं. त्यामुळे "आमच्यात काय कमी पडलं" हा प्रश्न तूर्त बाजूला ठेवा.

रविवारी मुलं झोपल्यावर दोघं ती वही घेऊन बसा. पहिल्या महिन्यासाठी एकच वागणं निवडा. माझं मत विचाराल तर बहिणीला मारणं घ्या, टॅब त्यानंतर. पसारा, गृहपाठ, तोंडाला तोंड देणं, या सगळ्याकडे तोवर कानाडोळा करा. हात उठला तर काय करायचं ते दोन ओळींत लिहा, दोघांच्या तोंडी शब्द एकच असू द्या, आणि आजी-आजोबा घरात असतील तर त्यांनाही ते वाचून दाखवा. शाळेचा मुद्दा मात्र महिनाभर थांबवू नका, बाईंना उद्याच भेटा.